आयोवा रायटर्स वर्कशॉप

आयोवा रायटर्स वर्कशॉप (अर्थ : आयोवा लेखक कार्यशाळा) हा अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आयोवा विद्यापीठात चालणारा सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयोवा सिटी या शहरात १९३६ मध्ये त्याची औपचारिक स्थापना झाली. कथात्म साहित्य व कविता अशा त्याच्या दोन शाखा असून दोन वर्षांच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला मास्टर ऑफ फाइन आर्ट्स (एमएफए) ही पदवी मिळते. संशोधनपर प्रबंधाच्या जागी विद्यार्थी स्वतः लिहिलेली कादंबरी, कथासंग्रह किंवा कवितासंग्रह सादर करतो.

इंग्रजी साहित्याचा अभ्यास म्हणजे केवळ लिहिल्या गेलेल्या साहित्याचे वाचन व संशोधन, की नव्या साहित्याची निर्मितीही त्यात मोडते, हा प्रश्न विद्यापीठीय शिक्षणात दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. या प्रश्नाला विद्यापीठाच्या पदवीच्या रूपाने दिलेले पहिले ठोस उत्तर म्हणून या कार्यशाळेकडे पाहिले जाते. अमेरिकेतील आणि पुढे इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांचे लेखनविषयक अभ्यासक्रम या धर्तीवर सुरू झाले.

== पार्श्वभूमी ==

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील विद्यापीठांवर जर्मन संशोधनपद्धतीचा मोठा प्रभाव पडला. १८७६ मध्ये सुरू झालेले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ या नव्या पद्धतीचा आदर्श मानले जाई. इंग्रजी हा विषय त्या काळी नव्यानेच विद्यापीठात स्थिरावत होता. ग्रीक व लॅटिनच्या तोडीचा 'कठीण' विषय म्हणून त्याला मान्यता मिळावी, यासाठी भाषेचा इतिहास, प्राचीन इंग्रजीचे व्याकरण, शब्दव्युत्पत्ती आणि पाठचिकित्सा यांवर भर दिला जाई. अशा बाबींची परीक्षा घेणे सोपे होते. कवितेच्या आस्वादाची परीक्षा कशी घ्यावी, हे मात्र ठरत नव्हते.

लेखनाला अभ्यासक्रमात स्थान होते, पण ते दुय्यम होते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शुद्ध व मुद्देसूद गद्य लिहिता यावे म्हणून निबंधलेखनाचे वर्ग घेतले जात. साहित्याचा अभ्यास करणारे प्राध्यापक आणि निबंध तपासणारे शिक्षक यांच्यात प्रतिष्ठेचे मोठे अंतर होते. कविता किंवा कथा लिहिणे हा अभ्यासाचा भाग न मानता विद्यार्थ्यांच्या वाङ्मयमंडळांचा उद्योग मानला जाई.

आयोवा विद्यापीठात १८९७ मध्ये पद्यरचनेचा एक वर्ग सुरू झाला. पुढे एडविन फोर्ड पायपर यांच्यासारखे कवी-प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या कवितांवर अनौपचारिक बैठकांत चर्चा करीत. जॉन टी. फ्रेडरिक यांनी १९१५ मध्ये आयोवा सिटीतून 'द मिडलँड' हे नियतकालिक सुरू केले. न्यूयॉर्क व बोस्टन या प्रकाशनकेंद्रांपासून दूर असलेल्या प्रदेशातील लेखकांना त्यामुळे व्यासपीठ मिळाले. कार्यशाळेची बीजे अशा बैठकांत व नियतकालिकांत आढळतात.

== १९२२ चा निर्णय ==

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाचे अधिष्ठाता कार्ल सीशोर यांनी १९२२ मध्ये एक महत्त्वाचा निर्णय जाहीर केला. उच्च पदवीसाठी सादर करावयाच्या प्रबंधाऐवजी सर्जनशील कृतीही स्वीकारली जाईल, असे त्यात म्हटले होते. हा नियम साहित्यापुरता मर्यादित नव्हता. संगीतरचना, चित्र, शिल्प व नाटक या कृतींनाही तो लागू होता.

सीशोर हे साहित्याचे प्राध्यापक नव्हते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि संगीतविषयक क्षमतेच्या मापनासाठी ओळखले जात. या निर्णयामुळे कविता किंवा कथा ही अभ्यासाची सामग्री न राहता अभ्यासाचे फलितही ठरू शकली. तिचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी विद्यापीठाने स्वतःकडे घेतली.

प्रत्यक्षात या तरतुदीचा इंग्रजी विभागात उपयोग होण्यास काही वर्षे लागली. १९३० च्या दशकाच्या आरंभी पहिल्या विद्यार्थ्यांनी सर्जनशील लेखनावर एम.ए. पदवी मिळवली. त्यांत पॉल एंगल व वॉलेस स्टेग्नर यांचा समावेश होता. एंगल यांचा 'वर्न अर्थ' हा कवितासंग्रह १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालिकेत प्रसिद्ध झाला.

== नॉर्मन फोर्स्टर आणि 'स्कूल ऑफ लेटर्स' ==

समीक्षक नॉर्मन फोर्स्टर यांनी १९३० मध्ये आयोवातील 'स्कूल ऑफ लेटर्स' या विभागाचे संचालकपद स्वीकारले व १९४४ पर्यंत ते सांभाळले. केवळ भाषिक व ऐतिहासिक तपशील गोळा करणाऱ्या संशोधनावर त्यांचा आक्षेप होता. साहित्याच्या अभ्यासात भाषा, साहित्येतिहास, समीक्षा आणि सर्जनशील लेखन ही चारही अंगे एकत्र असावीत, असे त्यांचे मत होते. कविता लिहून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला इतरांची कविता अधिक खोलवर वाचता येते आणि समीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला स्वतःच्या लेखनातील उणिवा लवकर कळतात, ही त्यामागील भूमिका होती. व्यावसायिक लेखक तयार करणे हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता.

'लिटररी स्कॉलरशिप : इट्स एम्स अँड मेथड्स' या १९४१ मधील ग्रंथात या भूमिकेची मांडणी आढळते. त्यात फोर्स्टर यांच्यासह जॉन मॅकगॅलियर्ड, रेने वेलेक, ऑस्टिन वॉरन आणि विल्बर श्रॅम यांनी साहित्याभ्यासाच्या वेगवेगळ्या अंगांवर लेखन केले. वेलेक व वॉरन हे दोघेही त्या काळात आयोवात अध्यापन करीत होते. त्यांचा 'थिअरी ऑफ लिटरेचर' (१९४९) हा ग्रंथ भारतातील साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. ज्या विभागात हे सैद्धांतिक विचारमंथन चालू होते, त्याच विभागात लेखनाची कार्यशाळाही उभी राहत होती.

== स्थापना व विस्तार ==

१९३६ मध्ये कथाकार व कवी यांचे वर्ग एकत्र आणून कार्यशाळेला औपचारिक रूप देण्यात आले. विल्बर श्रॅम हे तिचे पहिले संचालक होते. पुढे संज्ञापन या विद्याशाखेच्या प्रवर्तकांपैकी एक म्हणून त्यांची कीर्ती झाली.

१९४१ मध्ये पॉल एंगल संचालक झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. कार्यशाळेचा विस्तार मुख्यतः त्यांच्या काळात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी साहाय्य मिळू लागले व विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली. इमारती अपुऱ्या पडल्याने आयोवा नदीकाठच्या अर्धगोलाकार पत्र्याच्या लष्करी बराकींत वर्ग भरत. एंगल यांनी निधी उभारण्यासाठी उद्योजकांशी संपर्क साधला, नामवंत लेखकांना अध्यापनासाठी बोलावले आणि परदेशी लेखकांनाही आयोवात आणले.

कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर १९४५ मध्ये पत्रकारितेच्या शिक्षणासाठी आयोवात आल्या होत्या. एंगल यांच्या आठवणीनुसार, जॉर्जिया राज्यातील त्यांचे उच्चार त्यांना समजेनात, म्हणून त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून देण्यास सांगितले. कार्यशाळेत प्रवेश मिळावा, असे ओकॉनर यांनी त्यावर लिहिले. १९४७ मध्ये त्यांनी कथासंग्रह सादर करून एमएफए पदवी मिळवली.

=== संचालक ===

* विल्बर श्रॅम (१९३६–१९४१)
* पॉल एंगल (१९४१–१९६५)
* जॉर्ज स्टारबक (१९६६–१९६९)
* जॉन लेगेट (१९७०–१९८७)
* फ्रँक कॉनरॉय (१९८७–२००५)
* लान सामंथा चँग (२००६ पासून)

चँग या कार्यशाळेच्या पहिल्या महिला तसेच पहिल्या आशियाई-अमेरिकी संचालक आहेत. सध्या कार्यशाळेचे कामकाज विद्यापीठाच्या परिसरातील डे हाउस या जुन्या वास्तूतून चालते.

== अभ्यासक्रम व अध्यापनपद्धती ==

प्रवेशासाठी अर्जदाराने सादर केलेले हस्तलिखित सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. विद्यार्थ्याला कथात्म साहित्य किंवा कविता यांपैकी एका शाखेत प्रवेश मिळतो. अनेक विद्यार्थी शिक्षणकाळात पदवीपूर्व वर्गांना साहित्य किंवा लेखन शिकवतात व त्याबद्दल त्यांना आर्थिक साहाय्य मिळते.

शिक्षणाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग कार्यशाळा-वर्गाचा असतो. ज्या विद्यार्थ्याच्या लेखनावर चर्चा व्हावयाची असते, त्याच्या कथेच्या किंवा कवितेच्या प्रती आधी सर्वांना वाटल्या जातात. सहाध्यायी त्या वाचून, टिपणे करून वर्गात येतात. चर्चेच्या वेळी लेखकाने गप्प बसून ऐकावे, असा संकेत दीर्घकाळ पाळला गेला. छापील पुस्तकाच्या वाचकाशेजारी खुलासा करण्यासाठी लेखक उपस्थित नसतो. त्यामुळे कागदावर जे उतरले आहे त्यातून वाचकापर्यंत नेमके काय पोहोचते, हे लेखकाला कळावे, असा या संकेतामागील विचार होता. निवेदनाचा दृष्टिकोन, पात्रांचे हेतू, प्रसंगांचा क्रम, वाक्याची लय, ओळ कोठे तोडली आहे, अशा बाबींवर चर्चा होते. अध्यापक स्वतः लेखक असतो व तो चर्चेचे सूत्रसंचालन करतो.

दुसरा भाग वाचनाच्या चर्चासत्रांचा असतो. त्यांत प्रसिद्ध कादंबऱ्या, कथा व कवितांचा अभ्यास केला जातो. मात्र तो साहित्येतिहासाच्या अंगाने न होता कृतीच्या घडणीच्या अंगाने होतो. एखादे प्रकरण तेथेच का संपवले, निवेदकाला कोणती माहिती दिली आणि कोणती दडवली, असे प्रश्न विचारले जातात. १९३० च्या दशकानंतर अमेरिकी विद्यापीठांत रुजलेल्या नवसमीक्षेच्या सूक्ष्म वाचनपद्धतीशी या अध्यापनाचे जवळचे नाते आहे. नवसमीक्षेने पूर्ण झालेल्या कवितेचे अंतर्गत संघटन तपासले. कार्यशाळेने तेच निकष अपूर्ण मसुद्याला लावले.

आयोवा विद्यापीठात ललितेतर गद्य, नाट्यलेखन व साहित्यानुवाद यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम या कार्यशाळेपासून स्वतंत्र आहेत. इंग्रजी विभागात पदवी स्तरावर इंग्रजी व सर्जनशील लेखन हा एकत्रित विषयही शिकवला जातो.

== उल्लेखनीय अध्यापक व विद्यार्थी ==

कवी रॉबर्ट लोवेल व जॉन बेरीमन यांनी १९५० च्या दशकात येथे अध्यापन केले. १९५४ मधील बेरीमन यांच्या वर्गात डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास, फिलिप लेव्हिन व डोनाल्ड जस्टिस हे पुढे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे तीन कवी एकत्र होते. फिलिप रॉथ यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी, तर कर्ट व्हॉनगट यांनी १९६५ ते १९६७ या काळात येथे शिकवले. 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९) या कादंबरीवर व्हॉनगट तेव्हा काम करीत होते. कादंबरीकार जॉन अर्व्हिंग हे त्यांचे विद्यार्थी होते. जॉन चीव्हर, जेम्स ॲलन मॅकफर्सन व मॅरिलिन रॉबिन्सन यांचाही अध्यापकांत समावेश होतो. रॉबिन्सन यांच्या 'गिलियड' या कादंबरीला २००५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मार्गारेट वॉकर या कृष्णवर्णीय लेखिकेचे शिक्षण विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी १९४० मध्ये 'फॉर माय पीपल' हा कवितासंग्रह सादर करून आयोवातून एम.ए. पदवी घेतली. पुढे त्या पुन्हा तेथे आल्या आणि १९६५ मध्ये 'ज्युबिली' ही कादंबरी सादर करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गुलामगिरी व यादवी युद्धाच्या काळावरील ही कादंबरी त्यांच्या कुटुंबातील आठवणी व दीर्घ ऐतिहासिक संशोधन यांवर आधारलेली आहे. संशोधन व सर्जनशील लेखन यांना परस्परविरोधी मानणाऱ्या दृष्टीला हे उदाहरण छेद देते.

इतर माजी विद्यार्थ्यांत रेमंड कार्व्हर (ते पदवी न घेता बाहेर पडले), जेन स्मायली, रिटा डव्ह, जॉय हार्जो, सँड्रा सिस्नेरोस, मायकेल कनिंगहॅम, पॉल हार्डिंग आणि यियुन ली यांचा समावेश होतो. चीनमध्ये जन्मलेल्या यियुन ली आयोवात रोगप्रतिकारशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी आल्या होत्या. तेथे त्या इंग्रजीतून कथालेखनाकडे वळल्या.

== वाद व टीका ==

=== लेखन शिकवता येते का? ===

प्रतिभा शिकवता येत नाही, हा कार्यशाळेवरील सर्वांत जुना आक्षेप आहे. कार्यशाळेने स्वतः त्याला फारसा विरोध केलेला नाही. माजी विद्यार्थ्यांचे यश हे त्यांनी येथून जे नेले त्यापेक्षा सोबत जे आणले त्यामुळे अधिक आहे, अशी तिची अधिकृत भूमिका राहिली आहे. लेखनासाठी दोन वर्षांची मोकळीक, जाणकार वाचक आणि समव्यवसायींचा सहवास या गोष्टी विद्यापीठ देऊ शकते, असे तिचे समर्थक मानतात.

लेखकाने साहित्य शिकवावे का, हा त्याच आक्षेपाचा दुसरा पैलू होय. हार्वर्ड विद्यापीठात व्लादिमीर नबोकोव्ह यांच्या नेमणुकीचा प्रस्ताव आला असता, भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी हत्तीलाच प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नेमावे काय, अशा आशयाचा उपरोधिक प्रश्न विचारल्याचे सांगितले जाते. डी. जी. मायर्स यांच्या 'द एलिफंट्स टीच' (१९९६) या सर्जनशील लेखनाच्या शिक्षणाच्या इतिहासग्रंथाचे नाव याच प्रसंगावरून आले आहे. साहित्याचा अभ्यास अधिक जिवंत करण्यासाठी सर्जनशील लेखन विद्यापीठात आणले गेले. कालांतराने मात्र ते लेखक घडवणारा स्वतंत्र व्यवसाय बनून साहित्याभ्यासापासून दुरावले, असे मायर्स यांचे प्रतिपादन आहे.

=== साचेबद्धता ===

सामूहिक चर्चेमुळे धाडसी लेखन बोथट होते व सर्वांना मान्य होईल अशी एकसारखी, नीटनेटकी कथा तयार होते, अशीही टीका केली जाते. कथनापेक्षा चित्रणाला प्राधान्य द्यावे यांसारखे सल्ले नियम बनून बसतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. याउलट मार्क मॅकगर्ल यांनी 'द प्रोग्रॅम एरा' (२००९) या ग्रंथात युद्धोत्तर अमेरिकी कथात्म साहित्याचे वैविध्य व सामर्थ्य विद्यापीठीय लेखन-अभ्यासक्रमांचा विचार केल्याशिवाय समजू शकत नाही, असे दाखवण्याचा प्रयत्न केला.

=== शीतयुद्ध व निधी ===

कार्यशाळेचे माजी विद्यार्थी एरिक बेनेट यांनी 'वर्कशॉप्स ऑफ एम्पायर' (२०१५) या ग्रंथात तिचा विस्तार शीतयुद्धाच्या संदर्भात तपासला. व्यक्तीच्या अनुभवावर भर देणारे व विचारप्रणालीपासून दूर राहणारे साहित्य साम्यवादाला उत्तर ठरेल, या धारणेमुळे एंगल यांना रॉकफेलर फाउंडेशनसारख्या संस्थांचे साहाय्य मिळाले, असे त्यांनी दाखवले. अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयए जिच्या आडून पैसा पुरवीत असे, त्या फारफील्ड फाउंडेशनचा निधीही एंगल यांच्या उपक्रमांना मिळाल्याकडे बेनेट यांनी लक्ष वेधले.

=== कोणाचा आवाज? ===

मेक्सिकन-अमेरिकी लेखिका सँड्रा सिस्नेरोस यांनी कार्यशाळेतील आपल्या परकेपणाच्या अनुभवाविषयी लिहिले आहे. एका चर्चासत्रात घर या प्रतिमेवर चर्चा चालू असता, सहाध्यायी ज्या प्रकारच्या घरांविषयी बोलत होते तसे घर आपल्या वाट्याला कधी आलेच नाही, याची त्यांना जाणीव झाली. शिकागोतील गरीब वस्तीतील मुलीच्या दृष्टीतून लिहिलेल्या 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) या पुस्तकाचा उगम त्या जाणिवेत आहे. अलीकडे मॅथ्यू सॅलेसिस यांनी 'क्राफ्ट इन द रिअल वर्ल्ड' (२०२१) या पुस्तकात लेखकाला गप्प बसवणाऱ्या पद्धतीची चिकित्सा केली. ज्याची संस्कृती वर्गातील बहुसंख्य वाचकांना अपरिचित आहे, अशा लेखकावर या पद्धतीने अन्याय होतो, असे त्यांचे मत आहे.

== इतर विद्यापीठांवरील प्रभाव ==

आयोवातील माजी विद्यार्थी वॉलेस स्टेग्नर यांनी १९४६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला. आयोवाशी निकटचा संबंध असलेले आर. व्ही. कॅसिल हे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या लेखन-अभ्यासक्रमांच्या अमेरिकी संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. इंग्लंडमध्ये माल्कम ब्रॅडबरी व अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात सर्जनशील लेखनाची एम.ए. पदवी सुरू केली; कादंबरीकार इयन मॅकइवन हे तिचे पहिले विद्यार्थी होते.

== भारत व मराठी साहित्याशी संबंध ==

भारती मुखर्जी यांनी १९६३ मध्ये कार्यशाळेतून एमएफए आणि १९६९ मध्ये आयोवा विद्यापीठातूनच डॉक्टरेट मिळवली. बंगाली कवी सुनील गंगोपाध्याय १९६० च्या दशकात एंगल यांच्या निमंत्रणावरून आयोवात राहिले होते.

मराठीचा संबंध मुख्यतः 'इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम' या आयोवा विद्यापीठाच्याच दुसऱ्या उपक्रमाद्वारे आला. एंगल व चिनी कादंबरीकार ह्वालिंग न्ये यांनी तो १९६७ मध्ये सुरू केला. तो पदवी अभ्यासक्रम नसून प्रस्थापित लेखकांसाठीचा निवासी उपक्रम आहे; दोन्ही उपक्रमांत अनेकदा गल्लत केली जाते. मराठी व इंग्रजी कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये त्यासाठी आयोवात गेले. 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' (१९८०) हा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह आहे. अरविंद कृष्ण मेहरोत्रा व आदिल जस्सावाला हेही या उपक्रमात सहभागी झाले होते. या दोघांनी अरुण कोलटकर व गीव पटेल यांच्यासह मुंबईत 'क्लिअरिंग हाउस' ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था चालवली. कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ मध्ये तिनेच प्रकाशित केला.

महाराष्ट्रात इंग्रजी साहित्याच्या विद्यापीठीय अभ्यासाची परंपरा १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासूनची आहे. तिचा भर नेमलेल्या कृतींचे वाचन, समीक्षा व लेखी परीक्षा यांवर राहिला. तरीही विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे व विलास सारंग या मराठीतील महत्त्वाच्या लेखकांनी महाविद्यालयांत किंवा विद्यापीठांत इंग्रजीचे अध्यापन केले. करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व शेक्सपिअरचे 'किंग लिअर' मराठीत आणले. इंग्रजीचे वाचन व मराठीतील लेखन यांची सांगड येथे अभ्यासक्रमाच्या बाहेर, नियतकालिके, अनुवाद व लेखकांचे परस्परसंबंध यांतून घातली गेली. आयोवाने हीच सांगड पदवीच्या चौकटीत बसवली.

== हेही पाहा ==

* आयोवा विद्यापीठ
* नवसमीक्षा
* दिलीप चित्रे
* फ्लॅनरी ओकॉनर
* भारतीय इंग्रजी साहित्य